एक्झी चालतेय, सेटअप चालत नाही

व्हीबी सिक्समध्ये लिहिलेलं माझं अडतीचं सॉफ्टवेअर धुळे-जळगाव पट्ट्यातल्या पेढ्यांवर अजून रोज चालतं, हे पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्रांना सांगितलं की ते हसतात. हसू द्या. मायक्रोसॉफ्टने व्हीबी सिक्स १९९८मध्ये आणलं आणि एप्रिल २००८मध्ये ते लिहिण्याच्या साधनाचा आधार काढून घेतला, हे खरं. पण त्यात बनलेला प्रोग्राम चालवायला लागणारं रनटाइम विंडोज ११मध्येही आयतंच असतं. म्हणजे एक्झी ठणठणीत आहे. ती नव्या मशीनवर बसवायची कशी, एवढाच प्रश्न उरतो, आणि ह्या प्रश्नापायी माझी जेवढी डोकेफोड झाली तेवढी मूळ प्रोग्राम लिहितानाही झाली नव्हती.

सगळं नव्याने का लिहीत नाही, असं शेठ लोकांची शिकलेली मुलं विचारतात. त्यांना मी तुरीच्या हंगामात जळगावच्या दाणाबाजारात तासभर बसायला सांगतो. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव, एंटर. हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन पट्टी प्रिंटरमधून बाहेर. मुनीमजी कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांचं लक्ष समोरच्या माणसाकडे आणि काट्याकडे. त्यांच्या हातात माऊस दिला तर बाहेर ट्रॅक्टरची रांग लागेल आणि संध्याकाळच्या आत शेठ मला फोन करून जुनंच परत टाकायला लावतील.

सुरुवातीच्या काळात सेटअपचा विचार करावाच लागत नसे. व्हीबीसोबत 'पॅकेज अँड डिप्लॉयमेंट विझार्ड' यायचा. नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलं की शेवटी सेटअपची एक्झी, एक यादीची फाइल आणि कॅब फाइल्स हातात. सीडी जाळायची, एसटीने पारोळा-एरंडोलमार्गे जळगाव गाठायचं, विंडोज ९८वर किंवा एक्सपीवर टाकायचं, चहा घ्यायचा, परत. विझार्ड प्रोग्रामला लागणाऱ्या डीएलएल आणि ओसीएक्स फाइल्स आपल्याच मशीनवरून गोळा करायचा, आणि त्यात विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सही यायच्या. ९८च्या जमान्यात ते बरोबरच होतं, कारण समोरच्याकडे त्या असतीलच असं नव्हतं. पण नव्या विंडोजला स्वतःच्याच घरातल्या फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या बाहेरून आलेल्या चालत नाहीत. मग 'सिस्टिम फाइल्स जुन्या आहेत, मशीन रीस्टार्ट करा' असा निरोप येतो. रीस्टार्ट केलं की परत तोच निरोप.

व्हिस्टा खानदेशात फारसं कोणी घेतलं नाही, त्यामुळे आमची गाठ थेट विंडोज सेव्हनशी पडली, आणि तीही चौसष्ट बिटवाल्या आवृत्तीशी. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. "भाऊ, हाई डबडं काय सांगस ते माले समजत नही." मी म्हटलं, अण्णा, एकेक अक्षर वाचा. त्यांनी वाचलं: एम, एस, सी, ओ, एम, सी, टी, एल, टिंब, ओ, सी, एक्स. पुढे 'नॉट करेक्टली रजिस्टर्ड'. एरर नंबर ३३९. व्हीबीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा नंबर स्वतःच्या गाडीच्या नंबरइतका पाठ असतो. प्रोग्रामच्या पडद्यावरच्या याद्या आणि टूलबार ज्या फाइलमधून येतात ती मशीनवर नाही, किंवा आहे पण विंडोजच्या दप्तरी तिची नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिथल्या हार्डवेअरवाल्या पोराने त्याच्या परीने उपाय केला होता. जुन्या मशीनवरून ती फाइल उचलून सिस्टिम थर्टी-टू फोल्डरमध्ये टाकली आणि नोंदणीची कमांड चालवली. फाइल डोळ्यांसमोर दिसत होती आणि विंडोज म्हणत होतं, सापडत नाही. ह्यात पोराची काही चूक नव्हती. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम थर्टी-टू नावाच्या फोल्डरमध्ये चौसष्ट बिटचा माल असतो, आणि बत्तीस बिटचा माल सिसवाव सिक्स्टी-फोर नावाच्या फोल्डरमध्ये. पाट्या उलट्या वाटतात, पण जुने प्रोग्राम सिस्टिम थर्टी-टू हेच नाव धरून बसलेले असल्यामुळे ते नाव बदलणं शक्य नव्हतं. बत्तीस बिटचा प्रोग्राम त्या दारावर आला की विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या दाराकडे वळवतं. नोंदणीची कमांडही तशीच वळली आणि रिकाम्या जागी शोधत बसली.

हे निस्तरता येतं. खरा घोळ पुढचा होता, आणि तो आठवला की आजही घाम फुटतो.

जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये शेठ आणि मुनीमजी एकच मशीन वापरत, पण लॉगिन दोघांचे वेगळे. मुनीमजी दिवसभर जमा-नावे करत, रात्री शेठ बसून बाकी बघत. एका रात्री शेठच्या पडद्यावर तीन पार्ट्यांची येणी दिसली, जी मुनीमजींच्या म्हणण्याप्रमाणे जमा होऊन आठवडा झाला होता. मुनीमजींनी स्वतःच्या लॉगिनने उघडून दाखवलं तर जमा दिसत होती. शेठच्या लॉगिनने उघडलं तर नाही. मशीन एक, प्रोग्राम एक, डेस्कटॉपवरचं चित्र एक. मी पोचलो तेव्हा मुनीमजी कोपऱ्यात गप्प बसले होते. वीसेक वर्षं त्या पेढीवर घालवलेल्या माणसावर कोणी उघड बोललं नव्हतं, पण संशयाला बोलावं लागत नाही.

कारण असं, की ॲक्सेसची डेटा फाइल प्रोग्रामशेजारीच, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवायची तेव्हा सर्रास पद्धत होती. व्हिस्टापासून विंडोज त्या फोल्डरमध्ये वेगळी परवानगी घेतल्याशिवाय कोणालाच लिहू देत नाही. पण जुने प्रोग्राम एकदम आडवे होऊ नयेत म्हणून एक सोय ठेवली: त्यांना 'नाही' म्हणायचं नाही, त्यांचं लिहिणं त्या-त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये वळवायचं. एकाच पेढीच्या दोन खतावण्या झाल्या होत्या आणि दोघांनाही आपलीच खरी वाटत होती. मी दोन्ही फाइल्स शोधून शेजारी-शेजारी उघडून दाखवल्या. शेठ मुनीमजींना म्हणाले, "काका, चहा सांगा," आणि विषय तिथेच मिटला.

त्यानंतर मी सेटअप बनवायच्या साधनांकडे नीट बघायला बसलो. तोवर मी 'कोणतंही चालेल' ह्या मताचा होतो.

इन्स्टॉलशील्ड सगळ्यात मोठं नाव, पण त्याची पूर्ण आवृत्ती घ्यायची तर माझ्या दोन-चार ग्राहकांची वर्षाची देखभाल फी तिथेच जाणार. विक्स तेव्हा फुकट होतं. मायक्रोसॉफ्टने २००४मध्ये ते खुलं केलं, आणि त्यातून एमएसआय पद्धतीचं पॅकेज बनतं. शंभर मशीनच्या कंपनीत एका जागी बसून सगळीकडे सॉफ्टवेअर ढकलायचं असेल तर एमएसआयला तोड नाही. माझ्या ग्राहकाकडे मशीन एक, फार तर दोन. त्यासाठी एक्सएमएलची पानंच्या पानं लिहायची माझी तयारी नव्हती. एनएसआयएस हे विनॲम्पवाल्या नलसॉफ्टचं. सेटअप अगदी लहान होतो, हवं ते करता येतं, पण त्याची स्क्रिप्ट सहा महिन्यांनी उघडली तर मलाच वाचता येईना. राहिलं इनो सेटअप. जॉर्डन रसेल ह्या माणसाने १९९७पासून चालवलेलं, फुकट, एकच एक्झी बनवणारं. वर त्याची आतली भाषा पास्कल, जी आम्ही कॉलेजात घोकली होती. त्या पास्कलचा आयुष्यात पहिल्यांदा कुठे उपयोग झाला असेल तर तो इथे.

मला ते पटलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. त्याची स्क्रिप्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल. प्रत्येक फाइलला एक ओळ: कुठून घ्यायची, कुठे ठेवायची, ठेवल्यावर काय करायचं. ओसीएक्सच्या ओळीत 'नोंदणी कर', 'ही इतरांनाही लागते, काढताना जपून' असे शेरे एकेका शब्दात मारता येतात. सिस्टिम फोल्डर नुसतं सांगितलं की बत्तीस बिटच्या सेटअपसाठी योग्य दार ते स्वतः निवडतं. आणि आपल्या मशीनच्या विंडोज फोल्डरमधून भलतीच डीएलएल उचलायला गेलं तर कंपायलर तिथेच थांबवतो, 'ही फाइल धोक्याची' म्हणून. विझार्ड सगळं माझ्यासाठी ठरवायचा. इथे काय ठेवायचं ते मला ठरवावं लागलं, आणि यादी करायला बसल्यावर कळलं की विझार्ड भरत असलेल्यातला निम्माअधिक माल लागतच नव्हता.

डेटाची फाइल प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये नेली. तिथेही एक मेख आहे. ॲडमिनने बनवलेली फाइल साध्या वापरकर्त्याला तिथे वाचता येते, बदलता येत नाही. फोल्डर बनवण्याच्या ओळीतच सगळ्या वापरकर्त्यांना बदल करायची मुभा द्यावी लागते. ती एक ओळ नसेल तर मिलमधला प्रकार नव्या रूपात परत.

काही गोष्टी मी जाणूनबुजून सेटअपबाहेर ठेवल्या. मराठी फॉन्ट ही पहिली. व्हीबी सिक्सच्या नेहमीच्या खिडक्यांना युनिकोड झेपत नाही, म्हणून पट्टीवरचं मराठी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट नसला की 'हमाली'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. सेटअपमधून फॉन्ट टाकता येतो, एका ओळीचं काम आहे. पण विकत घेतलेला फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर फुकट वाटायचा हक्क मला नाही. सेटअप फक्त तपासतो आणि नसेल तर सांगतो. दुसरी गोष्ट तारीख. नवं मशीन बऱ्याचदा अमेरिकी पद्धत लावून येतं, महिना आधी. मग ५ एप्रिलची पट्टी ४ मेला जाऊन बसते, तीही नव्या आर्थिक वर्षाच्या तोंडावर. ही तपासणी सेटअपमध्ये घालायचा मोह होतो. पण सेटअप ॲडमिनच्या नावाने चालतो आणि तारखेची सेटिंग ज्याची त्याची असते, तेव्हा ती प्रोग्राम सुरू होतानाच केलेली बरी. तिसरा प्रिंटर. नव्या मशीनला जुना पॅरलल पोर्ट नसतो, डॉट मॅट्रिक्स यूएसबीवर, आणि माझा प्रोग्राम अजून एलपीटी वनलाच हाक मारतो. शेअर केलेला प्रिंटर त्या नावाला जोडून द्यावा लागतो. प्रत्येक दुकानात प्रिंटरचं नाव वेगळं, म्हणून ते हातानेच.

ह्या सगळ्याची खरी परीक्षा १ जुलै २०१७च्या आधी झाली. जीएसटी लागणार, व्हॅट जाणार, आणि सगळ्यांना एकाच वेळी नवी आवृत्ती हवी. जीमेल एक्झी घेत नाही, झिपमध्ये लपवली तरी ओळखतं. पेन ड्राइव्ह पाकिटात घालून चोपडा, अमळनेर, दोंडाईचाकडे जाणाऱ्या ओळखीच्या गाड्यांवर दिले. ज्याच्या हाती पाकीट पडेल त्याने डबल क्लिक करायचं, एवढीच सूचना. कुठे शेठचा मुलगा होता, कुठे मेडिकलवाला शेजारी. सेटअपने एकही प्रश्न विचारायचा नाही, हे तेव्हा पक्कं केलं. जुना डेटा सापडला तर आधी तारखेच्या नावाने त्याची प्रत काढायची, मगच पुढे जायचं. व्हर्च्युअल स्टोअरमध्येही डोकवायचं, आणि तिथे दुसरी खतावणी दिसली तर काही न करता थांबून मला फोन करायला सांगायचं. ती दोन जागी निघाली.

अजून सुटलेला नाही तो प्रश्न सहीचा. सेटअपवर डिजिटल सही नसेल तर विंडोज निळी खिडकी आणून 'अनोळखी प्रकाशक' म्हणतं. 'मोअर इन्फो'वर दाबा, मग 'रन एनीवे', हे मी फोनवर इतक्यांदा सांगितलंय की घरच्यांनाही पाठ झालंय. सहीचं प्रमाणपत्र दरवर्षी पैसे मागतं, आणि जून २०२३पासून त्याची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. मोठ्या कंपनीला ठीक. एकट्या माणसाने धुळ्यात बसून ते करावं का, ह्यावर माझं मत दर वर्षी बदलतं. लोकांना धोक्याची खिडकी डोळे झाकून ओलांडायची सवय मी लावतोय, हेही खटकतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि मशीन बदलायची नवी लाट आली. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटमध्येच येतं, म्हणून बत्तीस बिटवर अडून बसलेले शेवटचे ग्राहकही आता हलले. जळगावच्या गोलाणी मार्केटमधला एक हार्डवेअरवाला मुलगा माझ्या बऱ्याच पेढ्यांची मशीन बसवतो. दर वेळी मला फोन नको म्हणून मी त्याला स्क्रिप्टच देऊन टाकली. मागच्या महिन्यात त्याने ती परत पाठवली, दोन ओळी वाढवून: शेअर केलेल्या प्रिंटरची नावं वाचायची, एकच असेल तर त्यालाच एलपीटी वन जोडायचा, जास्त असतील तर सोडून द्यायचं. दुकानागणिक वेगळं म्हणून मी जे बाहेर ठेवलं होतं, तेच. त्याचं म्हणणं, "सर, दहातल्या आठ दुकानांत प्रिंटर एकच असतो." मी चालवून बघितली. एका स्पेलिंगची दुरुस्ती सोडली तर आहे तशी ठेवली, आणि दोंडाईच्याच्या मिरचीवाल्यांकडे जायच्या सेटअपमध्ये ती आता आहे.