आम्ही खोप घालतो

२०१५ साली दिघ्यातल्या ९९ अनधिकृत इमारती पाडण्याचा हुकूम उच्च न्यायालयानं दिला, तेव्हा आपल्या डोक्यावर छप्पर असतं याची मला पहिल्यांदा जाणीव झाली. आमची इमारत यादीत नव्हती. पण शेजारची होती, आणि हातोड्याचा नेम किती अचूक असतो याची खात्री कोण देणार? गंमत म्हणजे वीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांच्या घरकर्जाचे कागद तपासतोय. स्वतःचे मात्र 'येत्या रविवारी' बघणार होतो.

"वेळ आलीच तर हातानं काही बांधता येतं का तुम्हांला?" सौ.नं विचारलं. मी कॉमर्सचा पदवीधर. मला फक्त व्हाउचरांचे गठ्ठे बांधता येतात.

तेव्हा त्या हिवाळ्यात कर्जतकडे सासुरवाडीला गेलो असताना मी सासऱ्यांच्या शेतावरच्या ठाकर म्हाताऱ्याची शिकवणी लावली. राखणीसाठी खोप घालायचीच होती. कुडाला कारवीच्या काठ्या. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग वाळून जाते. (आमच्याकडच्या बढतीचंही वेळापत्रक साधारण हेच.) काठ्या ओळीनं रोवायच्या, आडव्या कांबींनी आवळायच्या, वर शेणामातीचा गिलावा. म्हाताऱ्यानं मेढी रोवल्या, आढं चढवलं, वासे टाकले आणि छपराची एक बाजू माझ्या हवाली केली.

मी आढ्यापासून गवताच्या पेंढ्या लावत खाली आलो. लेजर वरून खाली लिहायचं, ही हाताची सवय. म्हातारा मात्र वळचणीपासून वर चढत होता. माझं काम आधी संपलं. मी ऐटीत चहा मागवला.

त्यानं काही न बोलता कळशी आणली आणि दोन्ही बाजूंवर पाणी ओतलं. त्याच्या बाजूला ते पेंढीवरून पेंढीवर घसरत बाहेर पडलं. माझ्या बाजूचं थेट आत बसलेल्या सौ.च्या अंगावर! वरची पेंढी खालचीवर यायला हवी. माझ्या उलट्या होत्या. पाण्याला टोकन देऊन आत बोलावल्यासारखं झालं.

"जावईबापू, तुमचं दिघ्याचं घर गळतं का?"

"नाही."

"मंग कशापायी शिकता?"

मी कोर्ट, यादी, नोटीस सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी कागद नाय?"

"तेच बघायचं राहिलंय."

"या खोपीचा तरी कुठं हाय?" म्हातारा म्हणाला, आणि माझी बाजू उसवायला लागला.