भाजीचे ठसे

बदलीच्या नोकरीत संसार उचलून नेता येतो. चूल मात्र नव्या गावी नव्यानेच मांडावी लागते. चेन्नईस आलेल्या आम्हां कारकुनांस प्रथम जागेची आणि शाळेची चिंता पडते; ती यथावकाश मिटते. मुलांच्या ताटाचा प्रश्न तसा मिटत नाही. शेजारच्या मामींनी केळीच्या गाभ्याचे पोरियल, म्हणजे ओले खोबरे घातलेली सुकी भाजी, प्रेमाने पाठविली, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी निकाल दिला, "ही आपली भाजी नव्हे!" भाजी नाकारताना आपण मामींनाही नाकारतो, हे ८ वर्षांच्या मुलास उपदेशाने कसे पटावे?

म्हणून आम्ही एका रविवारी रंगपेटी काढली आणि शेजारची मुले जमविली. भाज्या कोयंबेडूच्या बाजारातून आणल्या. हा बाजार १९९६ साली सुरू झाला. तत्पूर्वी शहराची भाजी कोत्तवाल चावडीत उतरत असे.

कृती सोपी आहे. भाजी आडवी कापावी, कापलेली बाजू कागदावर टिपून कोरडी करावी, रंगात भिजविलेल्या फडक्यावर टेकवावी आणि कागदावर सरळ दाबून न सरकविता उचलावी. भेंडीचा पंचकोनी तारा उमटला, शेवग्याच्या शेंगेचा त्रिकोण उमटला, केळीच्या गाभ्याची वर्तुळे उमटली. प्रत्येक ठशाखाली मुलांनी दोन नावे लिहिली. भेंडी आणि वेंडैक्काय यांचे नाते त्यांना सांगावे लागले नाही. शेवग्याचे तमिळ नाव मुरुंगै. वनस्पतिशास्त्रातील 'मोरिंगा' त्यावरूनच आले, हे ऐकून मुले चकित झाली.

गाभ्याच्या चकत्या कापताना निघणारे तंतू बोटाभोवती गुंडाळून काढण्यास मामींनी शिकविले. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून त्या ताकाच्या पाण्यात टाकल्या. रंग लागलेले तुकडे बाजूस गेले; उरलेल्या गाभ्याचे पोरियल झाले. चिरंजीवांनी दोनच घास घेतले. पण मामींच्या समोर बसून घेतले.

पुढील आठवड्यात दारी भाजीची गाडी आली. चिरंजीव पुढे झाले आणि त्यांनी "वाळैत्तंडु" मागितला. एरवी आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलणाऱ्या गाडीवाल्याने त्यांना भाव तमिळमध्ये सांगितला. बदलीचा हुकूम आमच्याही नावे कधीतरी निघेलच. ठशांची ती वही मात्र भांड्यांच्या पेटीत नव्हे, मुलाच्या दप्तरातून जाईल.