बसण्याची सवय

नियमित लेखनाची सवय कशी लावावी यावर लिहा, पण शास्त्र फार नको, असा संपादकांचा निरोप आला. पहिली अट मान्य केली, दुसरी कितपत पाळता येईल ते बघू. सवय हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. मानसशास्त्र शिकवण्यात आणि समुपदेशनात माझी उमेदीची वर्षं गेली. अलीकडे माझ्याकडे लिहू पाहणारी माणसं पुष्कळ येतात: निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले अधिकारी. आपल्याकडे पुरवण्यांमधली बरीचशी सदरं जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतात आणि दिवाळीच्या आगेमागे पुढच्या वर्षीची जुळवाजुळव चालते. त्यामुळे या दिवसांत फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सलग एकवीस दिवस लिहिलं की सवय लागते ना?’

नाही लागत. हे सांगून सांगून मी थकले आहे, तरी पुन्हा सांगते, कारण या आकड्यानं माणसांचं नुकसान होतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांचं ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक 1960 साली आलं. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा रुग्णाला आपला वाटायला किमान एकवीसेक दिवस जातात, असं निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवलं. ‘किमान’ आणि ‘सुमारे’ हे दोन्ही शब्द पुढे गळून पडले. नव्या चेहऱ्याला सरावणं वेगळं आणि रोज एखादं काम आपणहून करू लागणं वेगळं, हा फरकही गळला.

खरा अभ्यास त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना प्रत्येकी एकच कृती निवडायला सांगितली. ती ठरलेल्या प्रसंगाला जोडून रोज करायची, 84 दिवस, आणि ती किती आपोआप झाली याची प्रश्नावली रोज भरायची. याचा आलेख सुरुवातीला झपाट्यानं चढतो आणि मग सपाट होत जातो. त्या सपाटीच्या 95 टक्क्यांपर्यंत पोचायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले. आता व्याख्यानांतून एकवीसच्या जागी हा सहासष्ट ऐकू येतो आणि मला पुन्हा चिडायला होतं. कारण या अभ्यासाचा पल्ला 18 ते 254 दिवसांचा आहे. अभ्यासच 84 दिवसांचा, तर 254 आले कुठून? तो आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. शिवाय आलेख नीट बसला तो 39 जणांच्याच बाबतीत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हा याच अभ्यासातला सगळ्यात दिलासा देणारा निष्कर्ष, पण तो कुणी सांगत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की त्या 96 जणांनी निवडलेल्या बहुतेक कृती खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या. जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, उठाबशांसारखे प्रकार. त्यात लेख लिहिणं नव्हतं.

माझं सगळं म्हणणं इथून पुढे आहे. पाणी पिण्याची सवय लागली की पूर्ण कृतीच आपोआप होते. लेखनाचं तसं होत नाही. ठरल्या वेळी टेबलाशी जाऊन बसणं आपोआप होऊ शकतं, पण बसल्यावर जे करायचं ते कधीही आपोआप होत नाही. सवयीवर संशोधन करणारे अलीकडे ‘सुरुवात करण्याची सवय’ आणि ‘कृती पार पाडण्याची सवय’ असे दोन भाग वेगळे मोजतात. लेखनात यातला पहिलाच भाग आपल्या हाती लागतो.

रोनाल्ड केलॉग या मानसशास्त्रज्ञानं लिहिणाऱ्यांवर प्रयोग केले. माणूस लिहीत असताना मध्येच आवाज करायचा आणि त्याला प्रतिसाद द्यायला त्याला किती उशीर होतो ते मोजायचं. उशीर जितका जास्त, तितकं मन हातातल्या कामात गुंतलेलं. या मोजमापात लेखनाचा भार मुरलेल्या बुद्धिबळपटूनं चाल शोधण्याच्या तोडीचा निघाला. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांचा 1987 सालचा ग्रंथ तर त्याहून पुढे जातो: कसलेला लेखक नवशिक्यापेक्षा जास्त झगडतो. नवशिका माहीत आहे ते ओळीनं सांगून मोकळा होतो. कसलेला माणूस लिहिता लिहिता आपलं म्हणणंच तपासतो, फिरवतो, खोडतो.

हे लोकांपर्यंत पोचत नाही आणि त्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पाणीपुरवठ्याचं काम आयुष्यभर केलेले एक निवृत्त अभियंते माझ्याकडे आले होते. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ते पाण्यावर सदर लिहीत. मी त्यांचे लेख वाचत असे. गावाच्या जुन्या नळयोजना, टाक्या, झडपा, गळती याबद्दल इतकं स्वच्छ लिहिणारा माणूस विरळा. त्यांनी सोबत एक फुलस्केप वही आणली होती. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, बसलो, उठलो आणि ‘किती जड गेलं’. शेवटच्या रकान्यात दहापैकी गुण. पहिल्या दोन रकान्यांत महिनोन्‌महिने खाडा नव्हता, दुपारच्या चहानंतर साडेचार म्हणजे साडेचार. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘मॅडम, इतके दिवस झाले तरी आकडा सातच्या खाली येत नाही. म्हणजे हे माझ्यात नाहीच.’

मी त्यांना वर सांगितलं ते सगळं सांगितलं. तुमची सवय कधीच लागली आहे, दुसरा रकाना तेच सांगतोय. सात हा आकडा तुम्ही काळजीपूर्वक लिहिताय याची खूण आहे. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि महिन्याभरात सदर थांबवलं. मी सांगितलेलं शास्त्र बरोबर होतं, याबद्दल मला शंका नाही. पण ‘हे असंच जड राहणार आहे’ या वाक्यानं माणसाला बळ येतं की तो खचतो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सुरुवातीलाच एकवीस दिवसांऐवजी हे कानावर पडलं असतं, तर कदाचित त्यांनी तो चौथा रकाना आखलाच नसता.

मग करायचं काय? वेळ आणि जागा आधी ठरवायची. हे ऐकायला साधं वाटतं, पण त्यामागे भक्कम पुरावा आहे. जर्मनीत पीटर गॉलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी गेली यावर दोन दिवसांत टिपण लिहून पाठवायला सांगितलं. निम्म्यांना कुठे आणि केव्हा बसून लिहिणार तेही आधी नक्की करायला लावलं. त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांची टिपणं वेळेत आली, बाकीच्यांतल्या जेमतेम एक-तृतीयांश जणांची. ‘या आठवड्यात लेख लिहायचाय’ हा नुसता संकल्प. ‘बुधवारी जेवणं आटोपल्यावर, गॅलरीतल्या टेबलावर, फोन आतल्या खोलीत’ ही योजना झाली.

दुसरं, उठताना वाक्य अर्धं ठेवून उठावं. मारिया ओव्ह्स्यांकिना यांनी बर्लिनमध्ये 1928 साली दाखवलं होतं की मध्येच तोडलेलं काम माणूस संधी मिळताच आपणहून पुन्हा हाती घेतो. प्रकरण संपवून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापासून सुरुवात.

रोज लिहिलंच पाहिजे का, यावर मात्र उगाच हट्ट धरू नये. न्यूझीलंडच्या हेलन स्वोर्ड यांनी भरपूर प्रकाशित होणाऱ्या अभ्यासकांशी बोलून पाहिलं, तर त्यांतले बहुतेक रोज लिहीत नव्हते. आपल्याकडचंच बघा. लोकहितवादींची 108 पत्रं 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली, तीही सरकारी नोकरी सांभाळून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून सात वर्षांत ‘निबंधमाले’चे 84 अंक काढले. त्यांच्या दिनक्रमाबद्दल मी काही बोलणार नाही. पण या दोघांसमोर दोन गोष्टी पक्क्या होत्या: अंक निघायचा दिवस आणि ज्याच्याशी भांडायचं तो वाचक. घरात एकट्यानं वहीत लिहिणाऱ्याकडे या दोन्ही नसतात, म्हणून त्यानं त्या मुद्दाम मिळवाव्यात. ठरलेल्या दिवशी लेख मागणारा एक माणूस असला तरी पुरतं.

येत्या जानेवारीत ज्यांचं सदर सुरू होणार आहे, त्यांनी वेळ आणि जागा आजच ठरवावी आणि पहिला लेख छापून येण्याआधी किमान चार लेख हातात ठेवावेत. जड गेलं तर ते मोजत बसू नये. संपादकांना माझी विनंती आहे की नव्या सदरकाराला शब्दमर्यादा सांगताना हेही सांगा: काम हलकं होणार नाही आणि ते हलकं न होणं हा दोष नव्हे.