रंगाच्या खोलीत

देवपुरात कलावंत कोण, असे विचारले की आमच्यातला प्रत्येकजण गोंदूरकडे बोट दाखवतो. आणि त्यात खोटे काही नाही. येथून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या त्या खेड्यात, १९२५ साली, सुतारकाम करणाऱ्या घरात राम सुतार जन्मले. रामकृष्ण जोशी या गुरूंनी त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली, १९५३ साली मेयो सुवर्णपदक मिळाले, पुढे अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या मूर्तींच्या डागडुजीचे काम त्यांनी केले, मग दिल्ली गाठली. आणि २०१८ साली नर्मदेच्या काठी त्यांच्या कल्पनेतला १८२ मीटर उंचीचा सरदार उभा राहिला. आमची छाती फुगते ती उगाच नव्हे! पण गंमत अशी की, ज्यांचे नाव आम्ही इतक्या तोऱ्यात घेतो त्यांची कामाची जागा आमच्यापैकी एकानेही पाहिलेली नाही. ती होती दूर नोएडाला. आम्ही पाहतो तो पुतळा. तोही बहुधा छायाचित्रात.

मोठ्या शहरांतून म्हणे एखादा दिवस असा ठेवतात, की त्या दिवशी चित्रकार-शिल्पकार आपल्या कामाच्या खोल्यांची दारे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उघडी टाकतात. ओला रंग, अर्धवट माती, फसलेली चित्रे, सगळे पाहून घ्यावे. हे वाचल्यापासून मला वाटू लागले, आपल्या खानदेशात असे एक तरी दार असेल की नाही?

एक आहे, आणि ते चाळीसगावला आहे. धुळ्याहून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. केकी मूस यांचे ते घर. हे गृहस्थ मुंबईत १९१२ साली जन्मलेले पारशी. इंग्लंडला जाऊन कला आणि छायाचित्रण शिकून आले आणि चाळीसगावच्या दगडी बंगल्यात जे शिरले ते जवळजवळ पन्नास वर्षे बाहेर पडलेच नाहीत म्हणतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले. घराला त्यांनी नाव दिले होते रेम्ब्रां या डच चित्रकाराचे. आता तेथे त्यांचे कलादालन आहे. सुतार खानदेशातून बाहेर गेले, मूस बाहेरून खानदेशात आले. या योगायोगाचे मला मोठे नवल वाटते.

आम्ही पाचजण गेलो होतो. चित्रे, लाकडातले कोरीवकाम, कागदाच्या घड्यांची कामे, आणि या सर्वांहून सरस अशी त्यांची टेबलावर रचलेली छायाचित्रे. घरातल्याच किरकोळ वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून, अशी काही दृश्ये त्यांनी टिपली आहेत की आपण डोंगरापुढे उभे आहोत की मेजापुढे, हे क्षणभर कळत नाही. मी अर्धा तास त्यांच्यापुढून हललो नाही. पण आमच्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींचे लक्ष दुसरीकडेच. मूस रोज रात्री पंजाब मेलची वेळ होईपर्यंत दिवे लावून कोणा प्रेयसीची वाट पाहत, अशी एक कथा सांगितली जाते. ती सुरू झाली मात्र, सगळे त्या बाजूला वळले. एका बाईंनी कळवळून विचारले, "मग ती आली का हो?"

मला त्या कथेचा राग आला. खरी असेल, खोटी असेल. पण ती ऐकून झाल्यावर त्या छायाचित्रांकडे कोणी वळेना. आमचा एक मित्र मात्र एका चित्रापाशी वाकून उभा होता. म्हणाला, "सगळ्या सावल्या एकाच अंगाला पडल्यात बघ. दिवा एकच असणार, आणि तो इकडे, डाव्या हाताला." मला वाटते, त्या दिवशी मूस यांच्या घरी खऱ्या अर्थाने तोच एकटा जाऊन आला.

परतीच्या गाडीत त्यानेच नानांचा विषय काढला. नाना म्हणजे आमच्या देवपुरातले पाट्या रंगवणारे पेंटर. शाळांचे फलक, दुकानांची नावे, ट्रकच्या मागची कमळे हा त्यांचा धंदा. फ्लेक्स आले आणि दोन-चार वर्षांत तो बसला. आता आषाढ-श्रावणात गणपतीच्या कारखान्यात ते डोळ्यांची आखणी तेवढी करतात. मूर्तीचे बाकी सगळे रंग पोरे देतात, डोळे मात्र नानांसाठी राखलेले असतात. एरवी त्यांच्या दारात कोणी जात नाही, आम्हीही गेलो नव्हतो.

पुढच्या रविवारी गेलो. दहा बाय दहाची खोली, तीत टरपेंटाइनचा वास. खाटेवर रंगाचे डबे, दोरीवर ब्रश उलटे टांगलेले. भिंतीला टेकून एक लाकडी फळी उभी होती. तिच्यावर ब्रश पुसून पुसून रंगाचा बोटभर थर चढला होता. कोपरा जेथे फुटला होता तेथे लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल अशा रेषा एकावर एक दिसत होत्या. मी विचारले, ही किती वर्षांची? नानांनी उत्तर दिले नाही. एका निळ्या रेषेवर बोट ठेवून एवढेच म्हणाले, "हाई तुमनी शायना बोर्डना निया."

आमच्या शाळेच्या पाटीचा तो निळा! ती पाटी उतरवून आता तेथे छापील फलक लागला आहे.

निघताना मित्राने विचारले, कॉलेजातली वीस-पंचवीस मुले-मुली आणली तर चालेल का? नानांनी आमच्याकडे आणि मग खोलीकडे पाहिले. "इतला पोरेसले बसाडू कोठे?" असे पुटपुटत त्यांनी खाटेवरचे डबे एकेक करून खाली ठेवायला सुरुवात केली.