थरथर कुणाची?

सिग्नलला थांबलात. गाडी न्यूट्रलमध्ये. तरी स्टिअरिंग हातात थरथरतंय, आरशात मागची रिक्षा डबल दिसतेय. काय करता? बहुतेक जण एफएमचा आवाज वाढवतात आणि हिरव्या दिव्याची वाट बघतात.

माझ्या आईने गाडी चालवणंच सोडलं. रिटायर झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, हौसेने लायसन्स काढलेली बाई! पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की खालून ‘धप्प’ व्हायचं. ‘माझाच क्लच चुकतो गं,’ ती म्हणायची. शेजारच्या काकांनी शिक्काच मारला, ‘वहिनी, या वयात कशाला?’ एका गॅरेजने तर इंजिन उतरवावं लागेल म्हणून टेन्शन दिलं.

मला एकच खटकत होतं. बाबा चालवतानाही तो धप्प यायचाच. फक्त त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं.

मग ओळखीच्या मेकॅनिकदादांना गाठलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आईलाच आत बसवलं. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी जरासा सोडायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. स्वतः बाजूला उभे, गाडीसमोर नाही. इंजिन थोडं हलतंच, आमचं चक्क उड्या मारत होतं.

‘मॅडम, तुमचा क्लच झकास आहे. फाउंडेशन गेलंय!’

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. फंडा सोपा आहे. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बोल्टने आवळलेलं नसतं. मध्ये धातू आणि रबराचे साधारण तीन-चार आधार असतात. ते इंजिनाचं वजन पेलतात आणि त्याची थरथर गिळतात. उष्णता, ऑइलची गळती आणि वय यांनी रबर कडक होतं, चिरतं, धातूपासून सुटतं. मग थरथर थेट तुमच्या सीटपर्यंत आणि गिअर टाकताना, गाडी चालू-बंद करताना दणका.

पण प्रत्येक थरथर माउंटिंगचीच नसते हं. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब असेल तरी इंजिन हलतं. ठरावीक वेगालाच गाडी थरथरत असेल, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा. तीन सिलिंडरच्या गाड्या मुळातच जरा जास्त थरथरतात. म्हणजे आधी तपासणी, मग पाकीट.

काम बघायला मी मुद्दाम थांबले. ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला टेकू दिला. जॅक थेट लावला तर पॅन चेपतो. जुनं माउंटिंग निघालं, तर रबरात आरपार भेग! नवं बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावले, इंजिन नीट जागेवर बसू दिलं आणि मगच टॉर्क रेंचने आवळले. बाकीची माउंटिंगंही तपासली, कारण एक गेलं की त्याचा भार इतरांवर येतो. इंजिन काही उतरवावं लागलं नाही.

गाडी बाहेर काढायला बाबा पुढे झाले, पण किल्ली आईच्या हातात होती. तिने क्लच सोडला. धप्प नाही.

सोसायटीच्या गेटवर काका भेटले. ‘काय वहिनी, जमायला लागलं वाटतं?’

आईने काच खाली केली. ‘गाडीच बिघडली होती, भावोजी.’