धार

अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदुरजनाघाट हे गाव आहे. संत्र्याच्या पन्हेरीसाठी, म्हणजे रोपवाटिकांसाठी, ते प्रसिद्ध आहे. येथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. त्या इवल्याशा डोळ्यातूनच पुढे सारे झाड उभे राहते.

अशाच एका पन्हेरीत सातवीत शिकणारा एक मुलगा हिवाळ्याच्या दिवसांत आजोबांचे काम पाहत बसे. आजोबांच्या सुरीने खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडे, साल अलगद उकले, डोळा आत सरके आणि वर पट्टीचा वेढा बसे. एके दिवशी आजोबा म्हणाले, "ही बारा रोपे तुझी. मात्र आधी सुरी पाजवून घे."

मुलाला घाई झाली होती. त्याने कोरड्या दगडावरच सुरी दाबून घासली. पाते कधी उभे धरले, कधी आडवे. थोड्या वेळात ते चकाकू लागले. चकाकी म्हणजेच धार, असे त्याला वाटले. बाराही डोळे त्याने त्याच सुरीने बांधले. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या, तेव्हा बाराही डोळे तपकिरी होऊन वाळले होते.

"आजोबा, माझ्या हाताला गुणच नाही," तो रडवेला होऊन म्हणाला.

"हाताला बोल लावू नको, बाप्पा! सुरीला धार नव्हती. तिने साल कापली नाही, चेचली. सालीखालचा ओला थर एकमेकांस भिडला, तरच डोळा जगतो. सुरी मीही पाहायला हवी होती. पण खुंट जिवंत आहेत. दुसऱ्या अंगाला पुन्हा बांधू."

आजोबांनी धारेचा दगड पाण्यात भिजत ठेवला. पूर्वी असे दगड कुरुंदाचे करीत. कुरुंद कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल; माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपे. पुढे अमेरिकेतील एडवर्ड अचेसन याने विजेच्या भट्टीत त्याहूनही कठीण असा कार्बोरंडम तयार केला व १८९३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आजोबांचा दगड कार्बोरंडमचाच होता. एक अंग खरखरीत, दुसरे मऊ.

"पाते किंचित उचल. जेवढे उचलशील, तेवढेच शेवटपर्यंत राहू दे. कोन हलला, की धार गोल होते. आणि दाबू नको. कापायचे काम दगडाचे आहे."

मुलगा सावकाश पाते फिरवू लागला. काही वेळाने दुसऱ्या बाजूस पोलादाची केसासारखी कड बोटाला जाणवली. "आता बाजू बदल," आजोबा म्हणाले, "आणि बोट धारेवरून लांबीने कधी फिरवू नको." खरखरीत अंगानंतर मऊ अंग झाले, शेवटी चामड्यावर पाते उलटे ओढून ती कड काढली. मग सुरीने हिरवी काडी लोण्यासारखी कापली.

पुन्हा बारा डोळे बांधले गेले. पुन्हा तीन आठवडे वाट पाहणे आले. पट्ट्या सुटल्या, तेव्हा नऊ डोळे हिरवेगार होते. मुलाने त्यांच्याकडे एकदा डोळे भरून पाहिले. मग तो उरलेल्या तीन रोपांपाशी थांबला आणि काही न बोलता दगड भिजवायला पाणी आणण्यासाठी विहिरीकडे वळला.