तळ्याकाठची झुंज

वाघ आणि मगर यांची गाठ सहसा पडत नाही. सांबर, चितळ, रानडुक्कर मिळत असता चिलखतासारख्या पाठीच्या मगरीच्या वाटेला वाघ कशाला जाईल? परंतु राजस्थानातील रणथंभोरच्या अरण्यात पद्म तलाव, राजबाग आणि मलिक तलाव अशी तीन तळी आहेत. तेथील सांबरे पाणवनस्पती चरण्यासाठी पाण्यात उतरतात, त्यांच्या पाठोपाठ वाघ उतरतो, आणि पाण्यात पडलेल्या शिकारीवर मगरही आपला हक्क सांगते.

पाण्यात मगरीचे पारडे जड. जबड्यात धरलेले सावज ती स्वतःच्या अंगाला पिळे देऊन फाडते. काठावर मात्र तिचा दम लवकर सरतो. म्हणून वाघ तिला कोरड्यावर गाठून मानेला धरू पाहतो. पाहणाऱ्याला त्यात शौर्य दिसते. मला तो पोटाचा हिशेब वाटतो.

या हिशेबाची किंमत मोठी असते. २००३ साली मछली नावाच्या वाघिणीने सुमारे १४ फूट लांबीची मगर ठार केली, त्या झुंजीत तिचे सुळे तुटले असे सांगतात. म्हातारपणी वनखात्याने आमिष पुरवून तिला जगविले. १८ ऑगस्ट २०१६ रोजी ती गेली, तेव्हा तिचे वय १९ वर्षांच्या आसपास होते. रानातील वाघाला इतके आयुष्य क्वचितच लाभते.

तिची नात 'ॲरोहेड' हिनेही जून २०२५ मध्ये मगर मारली. आमच्या युवक मंडळातील मुलांनी ती चित्रफीत मला मोबाईलवर दाखविली. "फादर, शेवटी आजीचंच रक्त!" एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. माझी नजर मात्र त्या वाघिणीच्या खपाटीला गेलेल्या पोटावर खिळली होती. हाडांच्या कर्करोगाने ती खंगली होती. आजारी माणसे शेवटच्या दिवसांत एकाएकी उठून बसतात, जेवायला मागतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. घरच्यांना वाटते, दुखणे उतरले.

ॲरोहेडला शिकार जमेनाशी झाली, पदरी बछडे होते, तेव्हा वनखात्याने तिच्यासाठीही जिवंत आमिष बांधावयास सुरुवात केली. वाचकहो, ह्या दयेला नावे ठेवणे मला सोपे वाटत नाही. उपाशी आई आणि तिची पिले डोळ्यांसमोर असता हात आखडता घेण्यास कठोर मन लागते. परंतु ती पिले त्या आमिषावर वाढली. माणूस आला की अन्न येते, हे ती शिकली आणि माणसाचे भय विसरली, असे अनेक जाणकारांचे म्हणणे आहे. एप्रिल २०२५ मध्ये कुटुंबासमवेत गणेशमंदिरातून परतणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला वाघाने उचलून नेले. मे महिन्यात एक वनाधिकारी बळी पडला. दोन्ही मृत्यूंचा ठपका ॲरोहेडच्या कनकटी नावाच्या मुलीवर आला. त्या मुलाच्या आईला आपण दयेची थोरवी कोणत्या शब्दांत सांगणार? मला तरी ते शब्द सापडत नाहीत.

कनकटीला बेशुद्ध करून मुकुंदरा हिल्सच्या अरण्यात हलविण्यात आले. त्यानंतर काही तासांतच, १९ जून २०२५ रोजी, ॲरोहेडने प्राण सोडला. मगर मारून तिला थोडेच दिवस झाले होते.